पोळीवाल्या काकूंचा पाय : नेक्रोटायझिंग फॅसिआयटिसचं एक प्रकरण

पुण्यातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी सर्जन आहे. नेक्रोटायझिंग फॅसिआयटिस म्हणजे कातडीखाली झपाट्याने पसरत ऊती मारत जाणारा जंतुसंसर्ग. हे प्रकरण आमच्याकडचंच, आणि त्यातल्या दोन चुका माझ्या स्वतःच्या आहेत. ओळख पटू नये म्हणून रुग्णाच्या घरचे काही तपशील बदलले आहेत. तासांचा हिशोब मात्र केसपेपरवर आहे तसाच ठेवला आहे, कारण या आजारात सगळं तासांवरच ठरतं.

पार्श्वभूमी

काकू ५६ वर्षांच्या. धनकवडीत घराखालच्या गाळ्यात त्यांचं पोळी-भाजी केंद्र आहे. सून भाज्या बघते, पोळ्या काकूंच्या. दिवसाला साडेतीनशे-चारशे. मुलगा चाकणला कंपनीत शिफ्टवर. मधुमेह अकरा वर्षांचा. गोळ्या चालू होत्या, म्हणजे संपल्या की आठ-दहा दिवसांनी कुणीतरी आणून द्यायचं. नंतर आम्ही एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी, केलं ते १०.८ आलं. वजन ८१ किलो. मिश्री सोडली तर व्यसन नाही. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून आणलेली वेदनाशामक गोळी आठवड्यातून तीन-चार वेळा.

गाळ्याच्या मागच्या बाजूला मोरी आहे आणि फरशीचा उतार उलटा आहे. पावसाळ्यात तिथं पाणी साचतं. त्या ओलीत रबरी चपला घालून सात-आठ तास उभं राहायचं. त्यामुळे दर जुलैमध्ये पायाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या व्हायच्या. खोबरेल तेल आणि हळद लावायची, खाज सुटली की टॉवेलच्या कडेने घासायचं, हा त्यांचा उपाय. ज्याच्यासाठी डॉक्टरकडे जायला कुणालाही लाज वाटावी असा हा आजार. पण चिखल्यांनी फुटलेली कातडी म्हणजे जंतूंना उघडं दार, आणि पायाच्या सेल्युलायटिसच्या, म्हणजे कातडीच्या साध्या संसर्गाच्या, रुग्णांत आम्ही हल्ली सगळ्यात आधी बोटं फाकवून तेच दार बघतो.

मऊ ऊतींचा गंभीर संसर्ग कुणाला होतो याची यादी काकूंच्या केसपेपरवरून लिहिता येईल : मधुमेह, वाढलेलं वजन, कातडीला पडलेली भेग. त्यांच्यात नव्हते ते घटक म्हणजे किडनी किंवा लिव्हरचा जुना आजार, दारू, पायाच्या अरुंद झालेल्या रक्तवाहिन्या, स्टेरॉइडं आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं. अर्थात यादीत एकही खूण नसलेला धडधाकट पंचविशीतला माणूसही या आजाराने जातो, विशेषतः जंतू ‘ग्रुप ए’ स्ट्रेप्टोकोकस असेल तर. त्यामुळे यादी संशय वाढवायला उपयोगी आहे, संशय सोडायला नाही.

पहिले तीन दिवस

शनिवारी संध्याकाळी हुडहुडी भरून ताप आला आणि उजव्या जांघेत अवधाण आलं. पायाच्या करंगळीजवळ लाली. सासूबाई घरात आहेत, ऐंशीच्या पुढच्या. त्यांनी पाय बघितला आणि म्हणाल्या, “धावरं उठलंय.” कातडीवर पसरत जाणाऱ्या लालीला जुनी माणसं धावरं म्हणतात. शब्द सुनेला माहीत नव्हता. मला तो नंतर कळला तेव्हा वाटलं, पसरण्याचा वेग नावातच धरणाऱ्या माणसांनी असे पाय बघितलेले असणार.

रविवारी सकाळी फॅमिली डॉक्टर. पाऊल सुजलेलं, लाली घोट्यापर्यंत. त्यांनी अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या, डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन दिलं आणि पाय उंच ठेवायला सांगितलं. सेल्युलायटिसला हे उपचार गैर नव्हेत. इंजेक्शनने चार-पाच तास बरं वाटलं. संध्याकाळी ठणका परत आला तो दुपटीने. रात्री घराजवळच्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये नेलं. तिथं सलाइन, सेफ्ट्रायाक्झोन आणि आणखी एक वेदनाशामक इंजेक्शन. “सकाळी दाखवा.”

सोमवारी सकाळी काकूंनी उठून कणीक मळायला घेतली. ती अर्धी टाकून त्या खाली बसल्या. सून सांगते, “आई बाळंतपणातही ओरडल्या नसतील अशा ओरडत होत्या, आणि पाय तर बघायला तेवढा वाईट नव्हता.”

या वाक्यावर मी विभागात बराच वेळ घेतो. दुखणं जेवढं आहे तेवढं पायावर दिसत नाही, ही या आजाराची सगळ्यात लवकर येणारी आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित होणारी खूण. संसर्ग कातडीत नसतोच. तो कातडीखालच्या चरबीच्या तळाशी, स्नायूंवर ताणून बसवलेल्या फॅशियाच्या पडद्यावरून पसरत असतो. तिथं अडवायला फारसं काही नाही. कातडीकडे येणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या त्याच थरातून वर चढतात. त्यांत गुठळ्या होतात, आणि मग कुठं काही तासांनी कातडी काळवंडते. वर दिसेपर्यंत खाली सगळं आटोपलेलं असतं.

काकूंच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती, जी कुणीच, आम्हीही, वेळेवर जोडली नाही. मधुमेहाने त्यांचे तळवे बधिर झाले होते. तव्यावरून उडालेला निखाऱ्यासारखा पीठाचा कण पायावर पडला तरी कळत नाही, असं त्या स्वतः सांगायच्या. ज्या बाईच्या पायाला चटका कळत नाही ती पोटरी दुखते म्हणून ओरडते, तेव्हा ते दुखणं दुप्पट वजनाने धरायला हवं.

कॅज्युअल्टीतले पाच तास

सोमवारी संध्याकाळी ६.२०ला त्या आमच्याकडे आल्या. नाडी १२४, रक्तदाब ९६/६०, श्वास मिनिटाला २६. ताप ९९.२ फॅरनहाइट, कारण दुपारीच पॅरासिटामॉल दिलेलं. लाली पोटरीच्या मध्यापर्यंत. घोट्याच्या वर बाहेरच्या बाजूला रुपयाएवढा जांभळट डाग. सूज लालीच्या बरीच पुढं, गुडघ्यापर्यंत, आणि दाबली तर खळगा न पडणारी, टणक. गुडघ्याच्या वर हात लावला तरी त्या हात झटकत होत्या.

दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटने एक काम चोख केलं. खिशातल्या मार्करने लालीच्या कडेवर रेघ मारली आणि शेजारी वेळ लिहिली, ६.४०.

रक्ताचे रिपोर्ट ७.३०ला आले : पांढऱ्या पेशी १४,२००, हिमोग्लोबिन ११.८, सोडियम १३३, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) १.५, साखर ३४२. एक्स-रेमध्ये ऊतींत हवा नाही. त्याने मोबाइलवर ‘एलरिनेक’ गुणांक काढला. सिंगापूरच्या डॉक्टरांनी २००४ मध्ये मांडलेली ही पद्धत. सहा साध्या रक्ततपासण्यांना गुण द्यायचे, ६ किंवा त्याहून जास्त झाले तर फॅसिआयटिसचा संशय धरायचा. काकूंना हिमोग्लोबिनचा १, सोडियमचे २, साखरेचा १, असे ४ मिळाले.

सहावी तपासणी सीआरपी, शरीरातला दाह मोजणारी. ती १५०च्या पुढं गेली की एकटीलाच ४ गुण आहेत. ती नळी प्रयोगशाळेत रांगेत पडली होती. रेसिडेंटने रकाना रिकामा ठेवला, मोबाइलने तो शून्य धरला. ७.५०ला त्याने मला फोन केला : “सर, सेल्युलायटिस वाटतोय, मधुमेह आहे, स्कोअर ४, एक्स-रेत गॅस नाही, बीपी थोडं कमी आहे, सलाइन चालू केलंय.”

मी घरी होतो. मी विचारलेला प्रश्न आठवतो, “पू झालाय का कुठं?” त्याने नाही म्हटलं. दुखण्याबद्दल मी विचारलं नाही. सीआरपी किती, हेही विचारलं नाही. पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम सुरू कर, एमआरआय करून घे आणि कळव, एवढं सांगून फोन ठेवला. ही माझी पहिली चूक. एमआरआयची वेळ मिळाली रात्री सव्वादहाची.

अँटिबायोटिक ८.१०ला गेलं. दुखतंय म्हणून ट्रामाडॉलही गेलं.

९.४०ला मला फोन आला तो रेसिडेंटचा नव्हे, कॅज्युअल्टीतल्या सिस्टरचा. पंधरा वर्षं त्या तिथं आहेत. त्या म्हणाल्या, “सर, लाली रेघेच्या तीन बोटं वर गेलीय. आणि काकू म्हणतात आता दुखत नाही.”

“मग ट्रामाडॉल लागू पडलं असेल.”

“नाही सर. बाकीचा पाय दुखतोय. फक्त त्या काळ्या डागाशी दुखत नाही. मी सुई टोचून बघितली, त्यांना कळलंच नाही.”

दुखणं थांबलं म्हणजे तिथल्या नसा मेल्या. मी गाडी काढली. पावसात स्वारगेटचा चौक ओलांडायला जो वेळ लागायचा तो लागलाच, आणि त्या वीस-पंचवीस मिनिटांत मी सव्वादहाच्या एमआरआयचा विचार करत होतो, हे कबूल करतो. तो रद्द करायचं धाडस पाय बघेपर्यंत झालं नाही.

त्या क्षणी पुढं असलेले पर्याय

१०.२५ला मी पलंगाशी उभा होतो. डाग आता तळहाताएवढा, त्यावर जांभळट पाणी भरलेले दोन फोड. प्रयोगशाळेतून सीआरपी आलेलं, २६८. म्हणजे गुणांक ४ नव्हता, ८ होता.

रात्रभर अँटिबायोटिक देऊन सकाळी बघायचं, हा पर्याय कुणी मोठ्याने बोललं नाही, पण आम्ही संध्याकाळपासून तोच निवडला होता. एमआरआय करायचा, तर रक्तदाब पडलेल्या रुग्णाला पाऊण तास मशीनमध्ये ठेवायचं. शिवाय एमआरआय साध्या सुजेलाही कधी कधी फॅसिआयटिस म्हणतो. सीटी लवकर झाला असता, पण क्रिएटिनिन वाढत असताना कॉन्ट्रास्ट (शिरेतून द्यायचं, किडनीला त्रासदायक ठरू शकणारं रंगद्रव्य) द्यायचं का, यावर पुन्हा दहा मिनिटं गेली असती. शेवटचा पर्याय सगळ्यात जुना. जागा बधिर करायची, दोन सेंटिमीटरचा छेद फॅशियापर्यंत घ्यायचा आणि बोट घालून बघायचं.

ड्रेसिंग रूममध्ये तेच केलं. छेद घेतला आणि रक्त आलं नाही. खरकटी भांडी विसळलेल्या पाण्यासारखं पातळ, करडं पाणी ओघळलं. पू नाहीच. बोट घातलं तर चरबी आणि फॅशिया यांच्या मधून ते सरळ वर सरकत गेलं. निरोगी पायात तिथं बोट घालताच येत नाही, थर एकमेकांना घट्ट धरून असतात. इथं ते ओल्या कागदासारखे सुटत होते. रेसिडेंटचं बोटही मी तिथं घालायला लावलं. संध्याकाळी सात वाजता हे पाच मिनिटांचं काम त्याला करता आलं असतं आणि मला फोनवर सांगता आलं असतं.

एमआरआय रद्द केला. क्लिंडामायसिन आणि लिनेझोलिड सुरू केलं. क्लिंडामायसिन जंतू मारण्यापेक्षा त्यांचं विष तयार होणं थांबवण्यासाठी द्यायचं असतं. संशय आला त्याच घटकेला ते जायला हवं, आणि इथं ते पहिल्या अँटिबायोटिकनंतर जवळजवळ तीन तासांनी गेलं. व्हॅन्कोमायसिन टाळलं, कारण पिपरॅसिलिनसोबत ते किडनीला जड जातं आणि काकूंची किडनी आधीच कुरकुरत होती.

सही

मुलगा चाकणहून निघाला होता, पोचला नव्हता. काकू शुद्धीवर होत्या, त्यामुळे सही त्यांचीच. मी सांगितलं की पाय उघडावा लागेल, मेलेलं सगळं काढावं लागेल, आणि आत स्नायू मेलेले निघाले तर गुडघ्यावरून पाय काढावा लागेल. त्यांनी ऐकून घेतलं आणि सुनेकडे बघून म्हणाल्या, “उद्याच्या डब्यांना फोन कर, नाही म्हणून सांग.” मग मला, “पाय ठेवा हो डॉक्टर. पोळी बसून लाटता येते, भाजता येत नाही.”

पैशांचा प्रश्न त्याच वेळी उभा होता. अनामत किती भरायची, ससूनला, सरकारी हॉस्पिटलात, नेलं तर काय, असं सून विचारत होती. प्रश्न रास्त होता, पण हलवण्यात आणखी दोन तास गेले असते. रेशन कार्ड केशरी निघालं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तातडीच्या रुग्णाची सूचना फोनवरून देऊन उपचार सुरू करता येतात, कागद मागून भरता येतात. रात्रपाळीच्या आरोग्यमित्राने, म्हणजे हॉस्पिटलातल्या योजनेच्या प्रतिनिधीने, ते केलं. हा निर्णय डॉक्टरचा नसतो, पण तो दहा मिनिटांत झाला म्हणून ऑपरेशन वेळेत झालं.

ऑपरेशन

११.२०ला छेद घेतला. हॉस्पिटलात आल्यापासून बरोबर पाच तास. पहिलं डिब्राइडमेंट, म्हणजे मेलेल्या ऊती कापून काढणं, जेवढं लवकर तेवढे मृत्यू कमी, आणि रुग्ण आल्यापासून सहा तासांच्या आत ते व्हावं, असा आजचा आग्रह आहे. कागदावर आम्ही त्यात बसलो. पण हे पाच तास काकूंनी घरी आणि नर्सिंग होममध्ये घालवलेल्या दोन दिवसांच्या वर होते.

घोट्यापासून गुडघ्याच्या खालपर्यंत बाहेरच्या बाजूने पाय उघडला. निरोगी फॅशिया शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी पांढरी, चमकदार असते. इथं ती राखाडी, फुगलेली, चिमट्याने ओढली की तुकड्यांनी येणारी. चरबीतल्या शिरांत काळ्या गुठळ्या. अशा वेळी नवख्या हाताला मोह होतो तो कातडी वाचवण्याचा, कारण वरून ती बरी दिसते. नियम उलटा आहे. कड कापल्यावर ताजं लाल रक्त आलं पाहिजे आणि बोटाने थर सुटता कामा नयेत, तोवर पुढं जायचं. ६.४०ची रेघ मारलेली कातडी पूर्ण निघाली. ९.४०ला सिस्टरने मारलेली वरची रेघ कडेला शिल्लक राहिली.

पाय काढायचा का, यावर टेबलापाशी खरी चर्चा झाली. माझे वरिष्ठ सहकारी आत आले होते. त्यांचं मत होतं, रक्तदाब नॉरॲड्रेनलिनवर (रक्तदाब टिकवणाऱ्या औषधावर) आहे, साखर साडेतीनशे आहे, पायासाठी जीव धोक्यात घालू नका. मत हलकं नव्हतं. मी तीन गोष्टी बघितल्या. विजेच्या चिमट्याचा स्पर्श होताच स्नायू आकसत होते आणि त्यांतून रक्त येत होतं. घोट्याच्या सांध्यात पू नव्हता. पावलावरच्या धमनीचा आवाज डॉपलरवर स्पष्ट होता. मेलेलं होतं ते स्नायूंच्या वरचं. ते काढून पाय ठेवला, पण अट घातली : उद्या पुन्हा उघडायचं आणि एकही स्नायू काळा दिसला तर थांबायचं नाही. ही अट मी संमतीपत्रावर रात्रीच लिहून ठेवली, सकाळी मन बदलू नये म्हणून. स्वतःचं.

ऊतींचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली रात्रीच बघितला. साखळीतले ग्रॅम-पॉझिटिव्ह कोकाय, म्हणजे गोल जंतूंच्या माळा. तिसऱ्या दिवशी कल्चर आलं, ग्रुप ए स्ट्रेप्टोकोकस, एकटाच. मधुमेहींत बहुतेक वेळा अनेक जंतूंचं मिश्रण मिळतं, इथं मिळालं नाही. मग रुंद पल्ल्याची औषधं थांबवून पेनिसिलिन आणि क्लिंडामायसिनवर आलो. १९४०च्या दशकातलं औषध, आणि या जंतूवर अजून पहिल्या पसंतीचं.

दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा

मंगळवारी संध्याकाळी काकू व्हेंटिलेटरवर होत्या, पण आकडे सुधारत होते. नॉरॲड्रेनलिन निम्म्यावर, लघवी तासाला चाळीस मिली. रेसिडेंटने विचारलं, “सर, सुधारतायत, तर उद्या सकाळी नेऊ या का?” भूलतज्ज्ञांनाही तेच बरं वाटत होतं. मी त्याच संध्याकाळी नेलं. मांडीच्या खालच्या भागात, बाहेरच्या बाजूला, चार बोटं रुंदीची फॅशियाची पट्टी मेलेली सापडली. वरची कातडी गुलाबी होती. सकाळपर्यंत थांबलो असतो तर ती पट्टी जांघेकडे सरकली असती, आणि तिथून पुढं पाय काढून थांबवण्यासारखी जागाच उरत नाही.

बुधवारी तिसऱ्यांदा उघडलं. सगळ्या कडांना रक्त. काही काढावं लागलं नाही.

क्रिएटिनिन गुरुवारी ३.४वर गेलं आणि तिथून उतरलं, डायलिसिस लागलं नाही. शुक्रवारी व्हेंटिलेटरची नळी निघाली. काकूंचा पहिला प्रश्न बोलता न येता खाणाखुणांनी होता : दोन्ही हातांनी चादरीखालचा पाय चाचपला.

जखम

यापुढचे चार आठवडे वाचायला कंटाळवाणे आहेत आणि रुग्णासाठी सगळ्यात लांब. नवव्या दिवसापासून व्हॅक्यूम ड्रेसिंग (जखमेतलं पाणी सतत ओढून घेणारं बंद ड्रेसिंग), तीन फेऱ्या. त्यामुळे जखम लवकर भरते की फक्त रोजच्या ड्रेसिंगचा छळ वाचतो, यावर मत वेगळं असू शकतं. माझ्या दृष्टीने दुसरं कारण पुरेसं आहे.

खरी अडचण खाण्याची झाली. अल्ब्युमिन, रक्तातलं प्रथिन, २.१वर उतरलेलं, आणि श्रावण लागला. काकू एरवी अंडी खातात, श्रावणात नाही. शिवाय सोमवार धरायचा म्हणाल्या, त्याही इन्सुलिनवर असताना. आहारतज्ज्ञ मुलीने त्यांच्याशी भांडण केलं नाही. उपासाला साबुदाण्याऐवजी राजगिरा, ताक, पनीर, आणि बाकीचे दिवस मुगाचं घट्ट वरण व भाजलेले दाणे, असं ठरवून घेतलं. उपासाच्या दिवशी इन्सुलिनचा डोस वेगळा. एकोणिसाव्या दिवशी डाव्या मांडीची कातडी घेऊन जखमेवर लावली, म्हणजे ग्राफ्ट केलं. दहा भागांतले नऊ भाग लागले.

घरच्यांचंही बघावं लागतं. चौकशीत कळलं, नातीचा घसा आदल्या आठवड्यात दुखत होता. हाच जंतू मुलांच्या घशात राहतो. तिला आणि ऐंशीच्या आजींना डॉक्टरांकडून तपासून घेतलं, आणि घरात कुणाला ताप किंवा अंगावर दुखरी लाली आली तर त्याच दिवशी या, असं लिहून दिलं.

निष्पत्ती

३१व्या दिवशी काकू घरी गेल्या. या आजारात आजही साधारण चार-पाचांत एक रुग्ण दगावतो. अमेरिकेतल्या यादवी युद्धात कॉन्फेडरेट सैन्याचे सर्जन असलेले जोसेफ जोन्स यांनी १८७१ मध्ये ‘हॉस्पिटल गँगरिन’च्या २,६४२ रुग्णांची नोंद छापली, त्यात जवळपास निम्मे गेले होते. १९५२ मध्ये विल्सन यांनी आजाराला आजचं नाव दिलं. नावापेक्षा आकडा फार हळू बदलला आहे.

तीन महिन्यांनी काकू काठी घेऊन चालत होत्या. घोटा पूर्ण वाकत नाही, ग्राफ्टवर खाज येते, आणि ज्या मांडीची कातडी घेतली तीच जास्त दुखते अशी तक्रार, जी जवळजवळ प्रत्येक जण करतो. सहा महिन्यांनी सलग दोन तास उभं राहता येतं. पोळ्या आता सून भाजते, काकू उंच स्टुलावर बसून लाटतात. धंदा दीडशे पोळ्यांवर आलाय. एचबीए१सी ७.६.

वेगळं काय करता आलं असतं

फॅमिली डॉक्टरांना मी फोन केला. दोष द्यायला नाही, कळवायला. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, “रविवारी मला काय दिसायला हवं होतं?” रविवारी सकाळी बहुधा काहीच दिसलं नसतं. मी एवढंच सांगितलं की लाली घोट्यापर्यंत होती आणि दुखणं कुठपर्यंत होतं ते विचारायला हवं होतं. आणि डायक्लोफेनॅक नको होतं. ही इंजेक्शनं हा आजार वाढवतात की नुसता झाकतात, यावर वाद आहे. झाकतात यावर नाही.

रविवारी रात्रीची नर्सिंग होमची भेट जास्त महत्त्वाची होती. अँटिबायोटिक घेऊन बारा तासांत दुखणं दुप्पट, आणि माणूस परत आलाय, ही गोष्ट पुरेशी होती. तिथं सर्जन नव्हता, पण मोठ्या हॉस्पिटलात पाठवण्यापुरतं निदान लागत नाही.

आमच्या बाजूने : रिकामा रकाना शून्य नसतो. गुणांक ६च्या खाली असलेले कित्येक रुग्णही नंतर फॅसिआयटिसचे निघतात, म्हणजे सीआरपी वेळेवर आलं असतं आणि कमी निघालं असतं तरी ४ या आकड्यावर झोपायचा अधिकार आम्हाला नव्हता. एक्स-रेत गॅस दिसली तर उपयोग, न दिसण्याला काही किंमत नाही, कारण स्ट्रेप्टोकोकस गॅस करतच नाही. आणि माझी दुसरी चूक, पाय न बघता तपासणी सांगणं. आता विभागात ठरलंय की अशा पायाच्या एमआरआयच्या फॉर्मवर सर्जनने स्वतः पाय बघितल्याची वेळ लिहिल्याशिवाय रेडिओलॉजी वेळ देत नाही. पहिल्या महिन्यात यावर दोनदा भांडणं झाली, एकदा माझ्याशीच.

मार्करची रेघ सगळे मारतात. ती परत कुणी बघायची, हे मात्र कुठंच लिहिलेलं नव्हतं. सिस्टरने बघितली ती सवयीने. आता दर तासाला रेघ बघून केसपेपरवर बोटांत मोजून लिहायचं काम त्यांच्याकडे आहे, आणि रेसिडेंटला न विचारता थेट सर्जनला फोन करायची मुभाही.

पाय पहिल्याच रात्री काढायला हवा होता का, यावर माझे वरिष्ठ सहकारी अजून त्यांच्या मतावर आहेत. मंगळवारची पट्टी मांडीवर सापडली, तेव्हा त्यांचंच बरोबर ठरतंय असं मलाही क्षणभर वाटलं होतं.

गेल्या महिन्यात काकू तपासायला आल्या. उजव्या पायाची बोटं फाकवून बघितली, कोरडी. डाव्या पायाच्या बेचक्यात पांढरट ओल आणि बारीक भेग. क्लोट्रिमॅझोल लिहून दिलं. सून म्हणाली, मोरीजवळची फरशी उखडून उतार नीट करायचा आहे, गवंडी पावसाच्या आधी येतो म्हणालाय.